दुपारी बंद पडणारी अॅम्बेसेडर : घरी बदललेल्या इनटेकचा पुन्हा पुन्हा येणारा दोष

सकाळी सात वाजता पहिल्या चावीला सुरू होणारी गाडी दुपारी एक वाजता सोलापुरातील सात रस्त्याच्या सिग्नलला स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू असताना, डगमगू लागते, दोन आचके देते आणि बंद पडते. त्यानंतर स्टार्टर फिरत राहतो, पण इंजिन धरत नाही. बॉनेट उघडून पाऊण तास सावलीत थांबले, की ती काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा सुरू होते. घरच्या घरी इनटेक, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा भाग, बदललेल्या कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये हे लक्षण वारंवार आढळते. माझ्या १४८९ सीसीच्या अॅम्बेसेडरने ते सलग तीन उन्हाळे दाखवले. पहिल्या दोन उन्हाळ्यांत तो दोष दूर झाला अशी माझी खात्री झाली होती आणि दोन्ही वेळा ती खोटी ठरली. तिसऱ्या वेळी खरी कारणे सापडली. कारण एकच नव्हते, आणि ती कारणे कोणत्या क्रमाने शोधायची हे चुकत असल्यामुळेच दोष परत येत होता, म्हणून येथे तो क्रम सविस्तर मांडतो.

बदल असा होता. मूळचा कार्बोरेटर आणि त्याचा ऑइल बाथ एअर क्लीनर काढून मी भंगारातून मिळालेला वेगळा इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल सिलिंडरांकडे वाटणारी नळी) आणि दीड इंची, एसयू या ब्रिटिश बनावटीचा कार्बोरेटर बसवला, त्याच्या तोंडाशी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला, आणि दोहोंची भोके जुळत नव्हती म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील एका लेथवाल्याकडून सहा मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची अॅडॅप्टर प्लेट करून आणली. पिकअप वाढला हे खरे. पहिल्या रविवारी तुळजापूरच्या घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि तो महिना जानेवारीचा होता हे मात्र माझ्या लक्षात राहिले नव्हते.

या इंजिनाची रचना आधी समजून घ्यावी लागते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेतील या इंजिनाच्या हेडला सगळी दारे एकाच बाजूला असतात. हवा आत येण्यासाठी दोन आणि धूर बाहेर जाण्यासाठी तीन, अशी ती पाच दारे आहेत. पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला मिळून हवेचे एक दार, तिसऱ्या व चौथ्याला मिळून दुसरे. यातून दोन गोष्टी निघतात. कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, अगदी शेजारी, जवळजवळ त्याच्या उरावर बसलेला असतो. आणि एखाद्या दाराशी पॅकिंगमधून हवा शिरत असेल, तर एक नव्हे तर जोडीने दोन सिलिंडर कोरडे पडतात. ही दुसरी गोष्ट दोष शोधताना फार उपयोगी पडते, पण मला ती तिसऱ्या उन्हाळ्यात सुचली.

पहिल्या उन्हाळ्यात मी मिक्स्चर घट्ट केले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवले. एसयू कार्बोरेटरच्या बुडाशी सहा पैलूंचा एक नट असतो. तो वर फिरवला की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, वर सरकते आणि मिक्स्चर पातळ होते, खाली फिरवला की घट्ट होते. मी तो तीन पैलू खाली घेतला आणि गाडीचे स्लो स्थिर झाले. जूनमध्ये पाऊस पडला, हवा गार झाली आणि दुरुस्तीचे श्रेय मी स्वतःकडे घेतले. पुढच्या मार्चमध्ये दोष परतला तेव्हा एका गॅरेजने पेट्रोल पोहोचत नाही असे निदान करून विद्युत पंप बसवला. तो पंप इंजेक्शनच्या गाडीचा होता. एसयूमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला चौरस इंचास अडीच ते तीन पौंड दाब पुरतो, आणि इंजेक्शनच्या पंपाचा दाब त्याच्या कित्येक पट असतो. परिणामी फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, ओसंडू लागला, तापलेल्या एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर पेट्रोल ठिबकू लागले, आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढल्यामुळे निदान आणखी अवघड झाले. तो पंप मी त्याच आठवड्यात काढून टाकला आणि इंजिनावरचा मूळचा यांत्रिक पंप परत जोडला. कोणीही हा प्रयोग करू नये.

गाडी बंद असताना पाहायच्या दोन गोष्टी

दोष गरम गाडीत दिसतो आणि तपासणी बहुधा थंड गाडीवर होते, ही यातली मोठी अडचण आहे. म्हणून रस्त्यात गाडी बंद पडली की लगेच, तिथेच, दोन गोष्टी पाहाव्यात. त्यासाठी डिकीत प्लग पाना, जाड कापडी हातमोजे आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक असावे.

पहिली गोष्ट ठिणगीची. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर आणि इग्निशन कॉइल हे दोन्ही भाग तापल्यावर दगा देतात व निवल्यावर पुन्हा चालू होतात, त्यामुळे त्यांचे लक्षण हुबेहूब इनटेकच्या दोषासारखे दिसते. एक जादा प्लग वायरीला जोडून त्याचे अंग इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि स्टार्टर मारावा. हे करताना प्लगची भोके उघडी नसावीत आणि आसपास पेट्रोलचा वास येत नसावा. ठिणगी निळसर व ठसठशीत असेल तर इग्निशन सोडून द्यावे. पिवळी आणि मरगळलेली असेल, तर इनटेकला हात न लावता आधी कंडेन्सर बदलावा आणि पॉइंटचा गॅप ०.३८ मिलिमीटर आहे याची खात्री करावी. माझी ठिणगी ठीक होती.

दुसरी गोष्ट प्लगची. पेट्रोल जास्त झाले आहे की पोहोचलेच नाही, हे बंद पडलेल्या गाडीचा प्लग काढल्यावर कळते. प्लग ओला असेल, तर फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उष्णतेने उकळून जेटमधून मॅनिफोल्डमध्ये उतरले आहे. अशा वेळी गाडी सुरू होताच काळा धूर सोडते. प्लग कोरडा असेल आणि फ्लोट चेंबरही रिकामा असेल, तर पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ अडकली आहे. पेट्रोल एकाच तापमानाला उकळत नाही. त्यातील हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उडू लागतात, आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा सावलीतच ४२-४३ अंशांवर असतो, मग बॉनेटखालची स्थिती वेगळी सांगायला नको. शिवाय धावत्या गाडीत पंख्याची हवा आणि वाहणारे ताजे पेट्रोल कार्बोरेटरला गार ठेवतात. गाडी बंद केली की हे दोन्ही थांबते आणि एक्झॉस्टची धग सावकाश वर चढते. त्यामुळे दोष धावताना कमी आणि थांबल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी अधिक दिसतो.

माझ्या गाडीचे प्लग ओले होते, पण सगळे सारखे नव्हते. तिसरा आणि चौथा काजळीने काळा व ओला, तर पहिला आणि दुसरा पांढुरका. मी ते चार प्लग क्रमाने बॉनेटच्या कडेवर मांडले आणि बराच वेळ पाहत राहिलो. दोन सिलिंडरांना पेट्रोल जास्त आणि दोघांना कमी, हे एकाच कार्बोरेटरवर मिक्स्चरच्या नटाने घडू शकत नाही. पुढच्या दाराशी हवा शिरत होती, आणि ती झाकण्यासाठी मी वाढवलेले पेट्रोल मागच्या दोन सिलिंडरांना बुडवत होते.

हवा कुठून शिरते

गळती शोधण्यासाठी मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. या इंजिनात ती वापरू नये, कारण फवारा थेट एक्झॉस्टवर पडतो. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते पाहण्याचा सल्लाही मला मिळाला होता. सल्ला देणाऱ्याच्या श्रद्धेविषयी आदर बाळगून मी तो नाकारला. मीटरभर लांबीचा रबरी पाइप घेऊन त्याचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक मॅनिफोल्डच्या सांध्यांवरून सावकाश फिरवावे. गळती असेल तेथे स्पष्ट फुसफुस ऐकू येते. पाइप, बाह्या आणि उपरणे पंख्यापासून दूर ठेवावे. गाडी नुकतीच सुरू केलेली आणि एक्झॉस्ट अजून थंड असेल तेव्हाच, साध्या पाण्याच्या बारीक फवाऱ्यानेही हीच तपासणी करता येते. पाणी सांध्यावर पडताच स्लो क्षणभर बदलले, तर तो सांधा हवा ओढतो आहे.

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारे व्हॅक्यूम गेज मिळाल्यास उत्तम. निरोगी इंजिनाचे गेज स्लोवर सुमारे १८ ते २० इंच पाऱ्यावर स्थिर राहते असे पुस्तके सांगतात, पण तो आकडा समुद्रसपाटीचा असतो. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे दीड इंच कमी दाखवले तरी घाबरू नये. माझ्या गाडीत ते १३ वर अडकून बसले होते.

फुसफुस पुढच्या दाराशी होती, आणि तेथले पॅकिंग मी त्या वर्षात दोनदा बदलले होते. दर वेळी नवे पॅकिंग महिनाभर टिकायचे. शेवटी ज्यांनी अॅडॅप्टर प्लेट केली होती त्या लेथवाल्या मामांना गाडीच दाखवायला नेली. त्यांनी बॉनेटखाली वाकून नट एकेक करून सैल केले आणि म्हणाले, "सर, पॅकिंगचं राहू द्या. वायसर कुठं टेकलाय ते बघा की आधी." या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड काही सामाईक स्टडांवर (हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) बसतात, आणि एकच जाड वॉशर अर्धा एकाच्या आणि अर्धा दुसऱ्याच्या पट्टीवर टेकून दोघांना दाबतो. दोन्ही पट्ट्यांची जाडी सारखी असेल तरच हा दाब सारखा पडतो. माझा इनटेक दुसऱ्या गाडीचा होता, त्याची पट्टी एक्झॉस्टच्या पट्टीपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर पातळ होती, आणि वॉशरचा सारा जोर एक्झॉस्टवर जात होता. मामांनी फट मोजणाऱ्या फीलर गेजचे ०.४० मिलिमीटरचे पाते वॉशर आणि इनटेक यांच्यामध्ये सहज सरकवून दाखवले. गाडी थंड असताना नवे पॅकिंग ती फट कशीबशी भरून काढी. मॅनिफोल्ड तापून पसरले की फट उघडे, आणि महिनाभराच्या अशा ये-जा करण्याने पॅकिंग कायमचे दबून जाई.

यावर उपाय दोन आहेत. दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र बांधून हेडकडची बाजू एका पातळीत घासून घ्यावी आणि बाहेरच्या पट्ट्यांची जाडी सारखी करावी, हा पहिला व चांगला. ते शक्य नसेल तर वॉशरला फरकाइतकी पायरी काढून घ्यावी, हा दुसरा. आम्ही हेडकडची बाजू घासली आणि वॉशरांना पायरी काढली. नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, १५ फूट-पाउंडपर्यंत आवळावेत. हाताच्या अंदाजाने जास्त आवळून पट्टी वाकवण्याची सवय सार्वत्रिक आहे आणि ती या दोषाला हातभार लावते. पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, हे नट पुन्हा एकदा तपासावेत.

आणखी तीन ठिकाणी हवा शिरू शकते. जुन्या एसयूमध्ये थ्रॉटलचा दांडा त्याच्या बुशमध्ये झिजतो. दांड्याच्या टोकाशी इंजिन ऑइलचा एक थेंब सोडला आणि स्लो बदलले, तर बुश बदलावे लागते. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी श्वासनळी उघडा फिल्टर लावल्यावर अनाथ होते. ती कोणी थेट मॅनिफोल्डला जोडून टाकतात, आणि मग त्या वाटेने हवा ओढली जाते. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची नळी कडक होऊन चिरलेली असेल तर बदलावी.

उष्णता

गळती बंद झाल्यावर गेज १७ वर आले, चारही प्लग एका रंगाचे झाले, आणि मी नट तीन पैलू वर घेऊन मिक्स्चर मूळ जागी आणले. गाडी सिग्नलला बंद पडणे थांबले. मात्र होटगी रोडवर एका लग्नाच्या कार्यालयाबाहेर पंधरा मिनिटे उन्हात उभी राहिल्यावर ती पुन्हा सुरू होईना. प्लग चारही ओले होते. म्हणजे उरलेला दोष निव्वळ उष्णतेचा होता, आणि तो माझ्या अॅल्युमिनियमच्या प्लेटने ओढवून घेतला होता.

कारखान्यातून आलेल्या कार्बोरेटरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असतो. तो काढून त्या जागी उष्णतेची उत्तम वाहक असलेली धातूची प्लेट बसवणे म्हणजे तव्याची मूठ लोखंडाची करणे. ती प्लेट पूर्णपणे काढता येत नव्हती, म्हणून प्लेट आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये दहा मिलिमीटर जाडीच्या हायलमचा (उष्णता व वीज अडवणाऱ्या कडक शीटचा) ठोकळा बसवला. हायलमची शीट विद्युत सामान विकणाऱ्या दुकानात तुकड्यावर मिळते. भोक कापल्यावर त्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात, दोन्ही बाजूंना पातळ पॅकिंग द्यावे, आणि स्टड दहा मिलिमीटर लांब घ्यायला विसरू नये. जुन्याच स्टडवर अर्धा नट पकडून काम भागवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. कार्बोरेटर दहा मिलिमीटर बाहेर सरकल्यामुळे रेसची केबल आणि चोकची तार पुन्हा जुळवावी लागते, आणि रेस सोडल्यावर थ्रॉटल पूर्ण मिटतो की नाही हे हाताने तपासावे लागते. त्याखेरीज कार्बोरेटरच्या खाली, एक्झॉस्टपासून बोटभर अंतर ठेवून, पत्र्याची आडोशाची ढाल बसवली. पेट्रोलचा पाइपही एक्झॉस्टजवळून जात होता, तो विंगच्या बाजूने फिरवून घेतला.

येथे इथेनॉलचा उल्लेख करावा लागतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत ते तयार होते, त्यामुळे तक्रार कोणाकडे करावी हा प्रश्नच आहे. जुन्या गाडीवर त्याचे दोन परिणाम होतात. जुने रबर त्याने फुगते किंवा चिरते, म्हणून सगळे पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायाफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत आणि एसयूमध्ये फ्लोट चेंबरमधून जेटकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्याचे रबर दर वर्षी पाहावे. दुसरे असे, की साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर अशा मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे जुन्या मापावर ठेवलेला कार्बोरेटर आपोआप पातळ चालतो. केवळ इंधनामुळे आलेला हा पातळपणा हवेच्या गळतीसारखाच भासतो, फक्त तो चारही प्लगांवर सारखा दिसतो.

फिल्टरविषयी माझे मत बदलले आहे. उघडा शंकू फिल्टर बॉनेटखालची, रेडिएटरवरून आलेली तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे ज्या ताकदीसाठी तो बसवला तीच दुपारी कमी होते. शिवाय आमच्या घराभोवती यंत्रमागांचे कारखाने आहेत. दोन महिन्यांनी फिल्टर काढला तेव्हा त्याच्या घड्यांवर सुताच्या बारीक तंतूंचा आणि मातीचा असा थर बसला होता, की तो नखाने उचलल्यावर नमद्याच्या तुकड्यासारखा सलग निघाला. मूळच्या ऑइल बाथमध्ये हीच घाण तेलात बुडून तळाशी बसत असे. मी शेवटी पत्र्याची पेटी करून फिल्टर तिच्यात बसवला आणि लवचिक नळीने ग्रिलच्या मागून, रेडिएटरच्या बाजूची, बाहेरची हवा आत आणली. नळी जमिनीलगत घेऊ नये. आपल्याकडे पावसात रस्त्यांवर किती पाणी साचते हे सर्वांना माहीत आहे, आणि इंजिनात पाणी गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

मिक्स्चर सर्वांत शेवटी

वरील सर्व झाल्यावरच नटाला पाना लावावा. गाडी चांगली तापलेली असावी आणि कार्बोरेटरमधल्या पिस्टनच्या दांड्यात साधारण एसएई २० जाडीचे तेल पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच असावे. तेल कमी असेल तर रेस दिल्याबरोबर गाडी अडखळते, आणि ते मिक्स्चरचे लक्षण समजून लोक नट फिरवत बसतात. कार्बोरेटरच्या बाजूची छोटी पिन बोटाने वर ढकलून पिस्टन मिलिमीटरभरच उचलावा. इंजिनाचा वेग किंचित वाढून लगेच पूर्ववत झाला तर मिक्स्चर बरोबर आहे. वेग वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, आणि इंजिन बसू लागले तर कमी आहे. एका वेळी एकच पैलू फिरवावा, मधे एकदा रेस देऊन इंजिन मोकळे करावे आणि मग पुन्हा पिन उचलावी. मूळ जागेपासून माझा नट शेवटी एकच पैलू खाली स्थिरावला. पहिल्या उन्हाळ्यात मी तीन पैलू घेतले होते, त्यांतील दोन गळतीचे होते.

पीयूसी केंद्रातील यंत्राचाही येथे उपयोग होतो. जुन्या चारचाकींना स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, पण केवळ उत्तीर्ण झाल्याचा कागद घेऊन परतू नये. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन (न जळलेले पेट्रोल) असे दोन्ही आकडे विचारावेत. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन खूप जास्त असेल, तर मिक्स्चर इतके पातळ आहे की काही ठोके पेटतच नाहीत, म्हणजे हवा शिरते आहे. दोन्ही जास्त असतील तर पेट्रोल जास्त आहे.

प्रीमियर पद्मिनीच्या मालकांनी, आणि त्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापुरातच जन्मलेले असल्यामुळे आपल्या शहरात अशा मालकांची ऐट थोडी जास्तच असते, वॉशरचा भाग सोडून बाकीचा क्रम तसाच वापरावा. मॅनिफोल्डची बांधणी तेथे निराळी आहे.

एवढे करूनही मेच्या दुपारी कधी गाडी थांबल्यावर सुरू झाली नाही, तर चोक मुळीच ओढू नये. रेसचे पेडल तळापर्यंत दाबून धरावे, वर-खाली पंप करू नये, आणि सलग पाच-सात सेकंद स्टार्टर मारावा. मॅनिफोल्डमध्ये उतरलेले जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते व इंजिन धरते. धरताच पेडल सावकाश सोडावे. गेल्या मे महिन्यात मला हे दोनदा करावे लागले, दोन्ही वेळा गाडी मंगळवार पेठेत, भर उन्हात, बॉनेट मिटलेल्या स्थितीत उभी होती.